मॅच संपेपर्यंत

हाफटाइमला पिशवीतला फोन परत वाजला.

"बंद कर तो," चंदर सर म्हणाले.

शाळेचा शिपाई गुणाजी पिशवी सांभाळत होता. त्याने आत हात घालून फोन बंद केला. मॅच संपेपर्यंत सगळ्यांचे फोन पिशवीत, हा सरांचाच नियम. सरांचा स्वतःचा पण त्यातच.

राज्य शालेय बास्केटबॉलची फायनल होती. उरणचा हॉल फुल्ल. बोर्ली पंचतनच्या शाळेने आजवर जिल्हासुद्धा मारला नव्हता, आणि आता नागपूरची पोरं त्यांच्यापुढे फक्त चार पॉइंटने होती.

सरांनी पहिल्या रांगेकडे बघितलं. भावासाठी टॉवेल टाकून धरलेली खुर्ची अजून रिकामीच. स्वप्निल उरणलाच ट्रेलर चालवायचा. काल मुद्दाम गावी गेला होता, पोरं जिंकली तर सुरमई खाऊ घालायची म्हणून.

"जाळ्यातून निघाली की थेट आणतो, दादा," म्हणाला होता. "हरलात तर वास पण मिळणार नाही."

"तू आणणार?" सर हसले होते. "दिघीच्या फेरीबोटीत गाडीतून खाली उतरत नाहीस तू. पाणी बघून फाटते तुझी."

"बघशीलच."

आता कुठे अडकलाय कोणास ठाऊक.

गुणाजी जवळ आला. आवाज एकदम खाली.

"सर, मघाशी गावाकडून फोन व्हता. नझीरभाईंची बोट उलटली. पहाटेला."

नझीरभाई म्हणजे कैसचे वडील. आणि कैस म्हणजे टीमचा कॅप्टन.

"माणसं?"

"पोहत आली. एक न्हाय आला."

"कोण?"

गुणाजीने कैसकडे बघितलं. कैस बाकावर वाकून बुटाची नाडी बांधत होता. मघापासून तीच नाडी बांधत होता.

"मॅच होऊंदे, सर," गुणाजी म्हणाला. "मंग बोलू."

सरांनी पुढे विचारलं नाही. नझीरभाई आधी खलाशांना सोडणार, मग स्वतः बोट सोडणार. माणूसच तसा.

"पोराला माहितीये?"

गुणाजी पाण्याच्या बाटल्या गोळा करायला लागला.

पोराला सांगायला पाहिजे होतं. आत्ताच्या आत्ता गाडीत बसवून घरी न्यायला पाहिजे होतं. सरांना सगळं कळत होतं. पण कैस गेला की मॅच गेली, हे पण कळत होतं.

स्वतःचे वडील गेले तेव्हा सर असेच मैदानावर होते. खबर घेऊन नझीरभाईच आले होते. टपरीवरून चहा आणला, भरपूर साखर घालून, आणि म्हणाले, "चंदर, बस. पयले चाय पी." पेला रिकामा झाला, मग सांगितलं. मौतीची खबर रिकाम्या पोटी द्यायची नाही, ही त्यांची रीत.

कैसला पण तसंच सांगायचं, सरांनी ठरवलं. मॅच झाल्यावर. आधी चहा.

शिट्टी वाजली.

कैस वेड्यासारखा खेळला. प्रत्येक रिबाउंडला तोच वर. दोनदा आपटला, कोपर फुटलं, तरी उठला. बाकीची पोरं पण गप्पच. एरवी फहादचं तोंड बंद होत नाही, आज तोही मान खाली घालून पाणी पीत होता. कोणी सरांच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं.

पोरांना कळलंय, सरांना वाटलं. कैसपासून लपवतायत बिचारे.

शेवटच्या टाइमआउटला त्यांनी कैसच्या खांद्यावर हात ठेवला. "दमलास तर सांग. काढतो तुला."

"नको, सर." डोळे लाल होते. "आज जिंकायचंच आहे. तुमच्यासाठी."

सरांना स्वतःची लाज वाटली. पण त्यांनी त्याला बाहेर काढलं नाही.

शेवटचे सेकंद उरले होते. कैसने दोन जणांच्या मधून उडी मारली. बॉल रिंगवर फिरला, फिरला आणि आत पडला. बोर्ली एका पॉइंटने जिंकली.

हॉल उठून ओरडत होता. पोरं मात्र जागेवरच उभी. कोणी नाचलं नाही, कोणी सरांना उचललं नाही. थोड्या वेळाने कप मिळाला, तोही फहादने पाण्याच्या कळशीसारखा कमरेवर धरला.

"गुणाजी," सर हळूच म्हणाले, "एक चहा आण. साखर जास्त."

"येतोय चहा, सर," गुणाजी म्हणाला. त्याने वर बघितलं नाही.

दारातली गर्दी बाजूला झाली. अंगात दुसऱ्याचा ढगळ शर्ट, केसांत वाळलेलं मीठ, हातात वाफाळता पेला. नझीरभाई आत आले.

सर बघतच राहिले. त्यांनी कैसकडे वळून बघितलं. कैस बापाकडे धावला नाही. तो फक्त बाजूला सरकून वाट देत होता.

नझीरभाई पोरासमोरून तसेच पुढे गेले. पहिल्या रांगेतली खुर्ची ओढली. तिच्यावरचा टॉवेल उचलून नीट घडी केली आणि काखेत धरला.

"चंदर, बस," ते म्हणाले. "पयले चाय पी."