सोबत्याचा पास

सभागृहाच्या दारात सरांनी तिच्या हातातून लॅपटॉप घेतला. "तू बाहेरच थांब. सोबत्याचा पास एकच मिळाला, तो मेव्हण्यांना दिलाय." मेव्हण्यांचं फर्निचरचं दुकान होतं. सरांच्या प्रयोगशाळेत सहा वर्षं मायक्रोस्कोपला डोळे लावून बसली होती ती.

ती बाहेरच्या खुर्चीत बसली. समोरच्या टीव्हीवर भाषण सुरू झालं. दारावरचा रखवालदारही तिच्या शेजारी उभा राहून बघू लागला.

"पेशीच्या केंद्रकात कोणीही उठून शिरू शकत नाही," सर सांगत होते. "कामाच्या प्रथिनाला आत न्यायला एक वाहक लागतो. तो त्याला दारातून आत पोचवतो आणि स्वतः मुकाट बाहेर येतो. आत त्या बिचाऱ्याचं कामच काय?"

सभागृह हसलं. मेव्हणे सगळ्यांत मोठ्याने हसले.

पुरस्कार झाला, शाल झाली, टाळ्या झाल्या. मग एका परीक्षक बाईंनी विचारलं, "सर, हा वाहक बाहेर येतो, हे तुम्ही नेमकं कोणत्या प्रयोगाने सिद्ध केलंत?"

सरांनी घसा खाकरला. पाण्याचा घोट घेतला. मग सवयीने सोबत्याच्या खुर्चीकडे पाहिलं. मेव्हण्यांनी तिथूनच अंगठा उंचावून धीर दिला.

"ताई, ते तुम्हालाच शोधतायत!" रखवालदाराने घाईघाईने दार उघडलं. "जा, मी सोडतो."

ती खुर्चीत आरामात मागे टेकली.

"नको हो दादा. माझ्याकडे पास कुठाय?"