खडखडाटाआड

बमरोलीच्या कापड कारखान्यात योगराज मास्तर रोज सगळ्यांदेखत छगनच्या अडखळत्या बोलण्याची नक्कल करीत. आपली जीभ जन्माचीच अडलेली, असे मानून छगन वर्षानुवर्षे खाली मान घालून राहिला. आठ महिन्यांपूर्वी मात्र त्याने मनाशी काही ठरवले. मागांच्या खडखडाटात, मास्तरांच्या पाठीमागे उभा राहून, तो रोज एकच वाक्य मोठ्याने घोटू लागला. ते कुणालाच ऐकू जात नसे.

आज अचानक वीज गेली. सारे माग एकदम थांबले आणि छगनचा आवाज छपराला भिडला : “पुन्हा माझी नक्कल केलीत, मास्तर, तर गाठ माझ्याशी आहे!”

मास्तर गर्रकन वळले. सवयीने म्हणाले, “का-का-काय म्हणालास?”

“सावकाश बोला, मास्तर,” छगन म्हणाला. “मलाही आठ महिने लागले.”