मधमाशी आत्याचं वाक्य

ऐक ना, नुसतं ऐक, मधे तोंड घालू नकोस. गुरुवारची सकाळ, शाळेला सुट्टी, डोंगरातल्या आपल्या लुशोटो गावात हाडं गोठवणारी थंडी, आणि आपली सुबिरा पहिल्यांदाच तो स्वेटशर्ट घालून गल्लीत उतरली. छातीवर पिवळ्या दोऱ्याची मधमाशी. मधमाशी कसली, पंख फुटलेला बटाटा! आणि खाली साखळी टाक्यात वाक्य: ‘मी पाहिलंय. आता तू बोल.’

वाक्य कुणाचं ते तुला सांगायला नको. रेडिओवरच्या मालिकेतली मधमाशी आत्या. दिवसभर चहा विकते, मधेच चोर पकडते, पकडला की आधी त्याला चहा पाजते नि मग हेच म्हणते. सुबिरा तिच्यापायी ठार वेडी. आणि नेमका सुबिराचाच लांब दांडीचा रेडिओ सहा आठवड्यांपूर्वी अंगणातल्या कठड्यावरून चोरीला गेला. भुरभुर पाऊस होता, ही तो बाहेरच विसरून आत आली, सकाळी पाहते तर कठडा रिकामा. आईच्या फोनवर ते स्टेशन लागत नाही, डोंगर आडवा येतो, नुसती खरखर. आणि मालिकेचा शेवटचा भाग याच गुरुवारी, पाच वाजता! शेवटचा चोर कोण, ते अख्ख्या गावाला कळणार, हिला सोडून.

निदान आत्या अंगावर तरी मिरवू, म्हणून तिनं बाजारातल्या जुन्या कपड्यांच्या ढिगातून करडा स्वेटशर्ट उपसला आणि गेली शेजारच्या बिबी तातूकडं. म्हातारी अख्ख्या गल्लीची बिबी, आजीच म्हण, एकटीच राहते. चाळीस वर्षं पुरुषांच्या टोप्यांवर भरतकाम केलंय तिनं. आणि आपल्या सुबिराला सुईत दोरा ओवता येईना! पहिल्या दिवशी तिनं पुढची बाजू मागच्या बाजूलाच शिवून टाकली. घालायला गेली तर डोकं मधेच अडकलं. बिबी हसता हसता खोकायला लागली.

‘फूल काढ पोरी,’ बिबी म्हणाली. ‘वाक्य कशाला? शिकाऊ हाताला अक्षरं जड जातात.’

‘वाक्याशिवाय आत्या कसली, बिबी?’

झालं. अक्षरं सुरू झाली आणि बिबी एकदम कडक. टाका सैल पडला, उसव. दोरा ताणलास, कापड चुणलं, उसव. ‘मी पाहिलंय’ तर तिनं तीनदा उसवायला लावलं. सुबिरा रडकुंडीला यायची, पण शाळा सुटली की हजर. येताना बिबीच्या खोकल्यासाठी आल्याचा तुकडा घेऊन यायची. बिबीपण तशी प्रेमळ. दर शुक्रवारी हिला आदल्या दिवशीचा भाग सांगायची, ‘बाजारात बायका बोलत होत्या’ म्हणून. आत्याच्या किटलीचा आवाजसुद्धा हुबेहूब काढून दाखवायची.

तर गुरुवारी ही बाहेर पडली. आता आपल्याकडचं तुला माहितीच आहे. बायका अंगाभोवती गुंडाळतात त्या कांग्याच्या काठावर छापलेलं वाक्य कुणी उगाच नेसत नाही. शेजारणीला सुनवायचंय? तसला कांगा नेसायचा, तिच्या दारावरून एक चक्कर टाकायची, काम फत्ते. बाईच्या अंगावर अक्षरं दिसली की गल्लीचा पहिला प्रश्न, हे कुणाला? सुबिराच्या हे डोक्यातच आलं नाही. तो काय कांगा होता? स्वेटशर्ट होता!

गोड, फुगीर मांदाझी तळून विकणाऱ्या आशुरानं वाक्य वाचलं नि तिचा झारा हवेतच राहिला. ‘हो गं बाई, करते मांदाझी बारीक! पीठ काय फुकट येतं? घे, दोन जास्तीच्या घे आणि तोंड बंद ठेव.’ पुढं हलीमानं हिच्या आईकडून दोन वर्षांपूर्वी नेलेली चाळण घरातून आणून हिच्या हातात आपटली. वर नाकही मुरडलं.

तेव्हा कुठं सुबिराची ट्यूब पेटली. आधी लाजली. मग म्हणाली, अरे, रेडिओचा चोरही वाचेल की! मग काय, छाती काढून गल्लीत चार चकरा. लोहाराच्या दारावरून तर दोनदा, कारण संशय त्याच्यावर. लोहारानं मान वर करून बघितलं, म्हणाला, ‘छान बटाटा काढलायस.’

पाचला दहा मिनिटं राहिली तरी कुणी आलं नाही. सुबिरा दाराशी चटईवर बाह्या ओढून बसली. इतक्यात समोरून बिबी तातू आली. हातात कांग्यात गुंडाळलेलं काहीतरी. तिनं ते सोडलं. रेडिओ! पुसून लख्ख केलेला, दांडीसकट.

‘भिजत होता म्हणून आत नेला,’ बिबी उभ्या उभ्याच म्हणाली. ‘एकटीच्या घरात आवाज बरा वाटला. सकाळी देणारच होते. पण सकाळी तू अंगणात उभी राहून ओरडलीस, चोराचे हात झडू देत. मग द्यायला तोंडच राहिलं नाही, पोरी.’

सुबिरानं रेडिओ मांडीवर घेतला.

‘महिनाभर माझ्याच ओसरीवर बसून, माझ्याच सुईनं, तू मलाच लिहीत होतीस,’ बिबी म्हणाली. ‘मी उसवायला लावत होते, तू परत टाके घालत होतीस. पण एका शब्दानं बोलली नाहीस. कुणाला सांगितलं नाहीस. वर रोज माझ्यासाठी आलं आणलंस. सगळं पाहून एवढं झाकणारं माणूस मला या वयात भेटलं गं.’

आणि सुबिरानं काय पाहिलं होतं? काही नाही! काहीसुद्धा नाही! ‘बिबी, मला ठाऊकच नव्हतं’ हे अगदी जिभेच्या टोकावर आलं. पण म्हातारी तिच्याकडं अशी बघत होती की विचारू नकोस. सुबिरा चटईवर सरकली, शेजारी जागा केली, रेडिओची दांडी वर ओढली.

‘बस ना, बिबी. आधी चहा घे.’

चहा झाला, पाच वाजले, आत्या सुरू झाली. वाक्य छातीवर तसंच. फक्त आता बोलायची पाळी सुबिराची. तू असतीस तर खरं बोलली असतीस?