पाच महिन्यांचं कोरं तेल

बाबांना जाऊन नऊ दिवस झाले होते, तेव्हा त्यांच्या कारखान्यातले फोरमनकाका प्रयोगशाळेचे अहवाल घेऊन घरी आले. मोठ्या कॉम्प्रेसरच्या तेलाचा नमुना दर महिन्याला बाबाच बाटलीत भरून पाठवायचे; तेलात लोखंडाचे कण वाढले की आतलं बेअरिंग झिजतंय, हे ते मोडण्याआधीच कळायचं. “पोरी, सलग पाच महिने एकही कण नाही,” काका म्हणाले. “मशीन म्हातारं आणि तेल मात्र कोरं करकरीत! तुझा बाप तर कधी चुकायचा नाही. तुला काही बोलला होता का?” नमुन्याचा नळ मशीनच्या पोटाखाली आहे, तिथे गुडघे टेकून बसावं लागतं. शेवटचे पाच महिने बाबांच्या बुटांच्या नाड्या मी बांधत होते. पण कामात काडीची कसूर न करणारा माणूस मशीनशेजारच्या पिंपातलं नवं तेल बाटलीत भरेल? आणि भरलं नसेल, तर मी गेलेल्या बापावर आळ घेत होते का? “त्या मशीनजवळ आत्ता कोणी असतं?” मी विचारलं. “सहा जण.” “काका, बंद करा ते. बाबांना खाली बसताच येत नव्हतं.” काकांनी आधी फोन करून मशीन थांबवायला लावलं. मग अहवालासोबतच्या चिठ्ठीवरची बाबांची सही बघत राहिले. “मला हाक मारायची ना रे,” ते त्या सहीला म्हणाले, “मी बसलो असतो की खाली.”