जुळ्या रॅकेट

नवऱ्याची रॅकेट क्लबात हरवली, म्हणून नवी आणायला त्याने बायकोला पिटाळलं. दुकानदाराने तिच्यापुढे दोन ठेवल्या. रंग, वजन, किंमत, सगळं जुळं.

"वहिनी, ही घ्या. हिचं डोकं जड. अशी सणसणीत बसते की समोरच्याला तारे दिसतात!"

त्याने ती सपकन फिरवून दाखवली. बाई दोन पावलं मागे सरली.

"आणि ही?"

"हिची दांडी नाजूक. कशावर जोरात बसली की काडकन मोडते."

"हीच द्या."

"अहो, लोक न मोडणारी मागतात!" दुकानदार हसत सुटला.




हरवलेली न मोडणारीच होती. नवऱ्याचा हात दुखेपर्यंत तिच्या पाठीवर चालली होती.