ट्रक सोडा

"पुन्हा तपासा!" भोईटे ओरडले. चिकनचा कारखाना त्यांचा होता आणि भरलेला ट्रक बाहेर उभा होता.

"दोनदा तपासलं, साहेब. दोन्ही वेळा साल्मोनेलाचे जंतू सापडले," प्रयोगशाळेतली सुलक्षणा म्हणाली.

"पूर्वी रिपोर्टला चार दिवस लागायचे, तोवर माल खपायचा. आता तुमचं नवं मशीन सकाळीच गळा धरतं!"

"त्या चार दिवसांत लोक आजारी पडायचे."

"कुणाची तक्रार आली? ट्रक सोडा."

"सोडते. त्यातल्या दोन कोंबड्या तुमच्या घरी पाठवते."

भोईटे तिच्याकडे खाऊ की गिळू असे बघत राहिले. मग खिडकीतून ओरडले, "माल उतरवा रे!" आणि तिला म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

शेवटचा क्रेट खाली येईपर्यंत सुलक्षणा ट्रकपाशी उभी राहिली.