साबेराचं नाक

साबेराने चादरीचं टोक उचललं आणि ती मागे सरली. आजवर कुठल्याही मय्यतीपाशी ती मागे सरली नव्हती.

फळीवर हाजरा होती. कालवं काढायला खाडीत उतरलेली, भरतीने ओढून नेलेली, आणि कैक भरत्यांनंतर कांदळवनाच्या मुळांत सापडलेली. बादलीत बोरीचा पाला उकळून निवत ठेवला होता, ताटलीत कापूर होता. अखेरच्या आंघोळीची सारी तयारी होती.

पडदा बाजूला करून साबेरा परसात आली. ओढण्या नाकाशी धरून बायका माडाखाली, जमेल तितक्या लांब बसल्या होत्या.

“काय गो?” हाजराची मोठी जाऊ मैमुना म्हणाली.

“वास येतोय.”

“आम्हांला सकाळपासून येतोय.”

“मला येतोय, मैमुना.”

ओढण्यांच्या वरचे डोळे एकदम तिच्याकडे वळले. जणू तिने काही चोरलं होतं.

वर्षानुवर्षं साबेराच्या नाकात मांस वाढत होतं. मोगऱ्याचा गजरा आणि सुकी मासळी तिला सारखीच. कपाळात कोणी जांभा तासत असावं तसं दुखायचं. रात्री तोंडाने श्वास ओढत ती उशीला टेकून बसायची. गावाला यातलं एकच ठाऊक होतं: खाडीने फुगवून परत केलेली बाई असो, की बंद घरात एकटीच गेलेली, साबेराला बोलवा.

“माझ्या पोराने, अनसने, नाकाचं ऑपरेशन करवलं, रत्नागिरीत,” तिने सांगितलं. “बाटलीत दाखवलं डॉक्टरांनी काय काय काढलं ते. सोललेल्या ताडगोळ्यांसारखं. तपासायला पाठवलं, तर म्हणाले, सूज इतकी जुनी की आतलं अस्तरच बदललंय. कापून संपायचं नाही. रोज औषधाचा फवारा मारायचा, जन्मभर. सोडला की पुन्हा वाढणार.”

मैमुनाने नाकावरची ओढणी जरा खाली घेतली. मग समजुतीच्या, जवळजवळ मायेच्या सुरात म्हणाली, “मग नको मारू ना तो फवारा. होईल पहिल्यासारखं. गावात दुसरी कोण हाय?”

कोणी हसलं नाही. दोघीतिघींनी माना डोलावल्या.

साबेरा माडाखाली, त्यांच्या समोर येऊन उभी राहिली.

“माझ्या नाकात मांस वाढायचं, म्हणून तुमच्या मय्यती उठायच्या,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता; तरी तो शेवटच्या ओढणीपर्यंत पोचला. “मला वाटायचं, माझ्या हाताला मान हाय. येताजाताना सलाम करता, ईदेला आधी माझ्याकडे शीरखुर्मा धाडता. तो मान दुखण्याला होता.”

“आता ही बोलायची वेळ हाय? पुढे पुरुष खोळंबलेत. मगरिबच्या नमाजाआधी—”

“मग ऊठ.”

“मी?”

“एका चुलीवरचं जेवलीस तिच्यासोबत. तिने फोडलेली कालवं वाडगा भरभरून खाल्लीस. तू आत येईस्तोवर मी पाण्याला हात लावणार नाही.”

“आणि नाही आले तर?”

“तर पुढे जाऊन सांग, हाजरा का थांबलीय ते. तुझ्या तोंडाने सांग.”

पुढल्या दारी कोणीतरी खाकरलं. “आटपा गो लवकर.”

मैमुनाने शेजारणींकडे पाहिलं. एकेक शेजारीण माडाच्या बुंध्याकडे, विहिरीच्या रहाटाकडे, आपल्या पायांच्या बोटांकडे पाहू लागली. मैमुना उठली.

पडद्याआड दोघीच होत्या. साबेराने बिस्मिल्ला म्हणून हाजराचं डोकं अलगद उचलून धरलं. मैमुनाने तोंड भिंतीकडे फिरवलं, श्वास कोंडला आणि तांब्या उपडा केला. पाणी हाजराला लागलंच नाही; फळीच्या कडेवरून मातीत गेलं.

साबेराने डोकं पुन्हा जपून फळीवर टेकवलं. तांब्या भरून मैमुनाच्या हातात दिला. ओल्या बोटांनी तिची हनुवटी धरली, आणि तो चेहरा हाजराच्या चेहऱ्याकडे वळवला.

“श्वास घे,” ती म्हणाली. “मी घेतेय.”